नगर नियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण : व्याख्याने पडद्यावर चालतील, स्टुडिओ नागपुरातच हवा

प्रति,
नागपुरातील विद्यापीठांचे मा. कुलगुरू व तंत्रशिक्षण संस्थांचे मा. संचालक,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका,
मा. सभापती, नागपूर सुधार प्रन्यास,
मा. आयुक्त, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण,
मा. सहसंचालक, नगररचना, नागपूर विभाग

महोदय / महोदया,

विदर्भातल्या नगरपरिषदांत, नगरपंचायतींत आणि जिल्ह्यांच्या नगररचना कार्यालयांत ले-आउट (भूखंडांच्या आखणीचे नकाशे) तपासणारी, बांधकाम परवानगीच्या फायली पुढे सरकवणारी, विकास आराखड्यावरच्या हरकतींची टिपणे लिहिणारी बरीचशी मंडळी मुळात स्थापत्य अभियंते किंवा वास्तुविशारद आहेत. नियोजन त्यांनी काम करता करता उचलले. त्यांना आता रीतसर शिकायचे आहे. पण आजचा सरळ रस्ता म्हणजे गेट ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर दोन वर्षे पूर्णवेळ शिक्षण. नागपूरच्या व्हीएनआयटी या राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्थेत नगर नियोजनाचे एम. टेक. आहे, पण महिना १२,४०० रुपयांच्या विद्यावेतनावर घर चालवत दोन वर्षे नोकरी बाजूला ठेवणे गोंदियाच्या किंवा अहेरीच्या कनिष्ठ अभियंत्याला जमत नाही. मग तो ऑनलाइन काय मिळते ते शोधतो. फ्लोरिडा विद्यापीठासारख्या ठिकाणी शहर व प्रादेशिक नियोजनाची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन मिळते. मात्र तिथला झोनिंगचा (कोणत्या भागात काय बांधता येते याचा) कायदा शिकून आपल्या १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातील कलम ३७ खालचा मंजूर आराखड्यातला फेरबदल कसा करायचा, हे कळत नाही.

म्हणून आमची मागणी अशी : नोकरी करणाऱ्यांसाठी नियोजनाची पदव्युत्तर पदवी नागपुरात सुरू करा. तिच्यातले जे पडद्यावर शिकवता येते ते पडद्यावर शिकवा. स्टुडिओ, म्हणजे खऱ्या जागेचा आराखडा करत शिकण्याचा वर्ग, मात्र नागपूरच्या जमिनीवर, नागपूरच्या नकाशांवर घ्या आणि ते नकाशे देण्याची जबाबदारी पत्ता लिहिलेल्या कार्यालयांनी उचला. यातली एक बाजू जरी लंगडी राहिली तरी हाती पदवीचा कागद येईल, नियोजनकार घडणार नाही.

नियमांची अडचण आधी बघू, कारण पहिला आक्षेप तोच येतो. अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्राच्या पदव्या पूर्णपणे ऑनलाइन देता येत नाहीत, आणि नियोजनाची पदवीही त्या वाटेने नेऊ नये असेच आमचे मत आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या स्वयम विनियमांनुसार नियमित पदवीच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण-मंचावरून करता येतात आणि त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठाला पदवीत धरता येतात. सत्राला पाच विषय असतील तर त्यातले दोन. नवा कायदा नको, विद्या परिषदेचा ठराव पुरे. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेनेही नोकरदारांसाठी लवचिक वेळेच्या अभ्यासक्रमांना मुभा दिलेली आहे.

२० श्रेयांकांचे एक सत्र असे बसते. स्टुडिओला ८ श्रेयांक. बाकी चार विषय प्रत्येकी ३ श्रेयांकांचे. त्यातले दोन स्वयमवर, कारण तिथला १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम नेमका ३ श्रेयांकांचा असतो. उरलेले दोन विषय म्हणजे १५ तासाला एक श्रेयांक या हिशेबाने ९० तास, म्हणजे १५ रविवार, दर रविवारी सहा तास. प्रात्यक्षिकाला श्रेयांकामागे ३० तास लागतात, म्हणजे स्टुडिओचे २४० तास झाले. १५ शनिवार सात-सात तासांचे धरले तर १०५, सलग सहा दिवसांचा क्षेत्र-आठवडा आठ-आठ तासांचा धरला तर ४८. राहिलेले ८७ तास संध्याकाळी ऑनलाइन, आपापल्या शीटवर (आराखड्याच्या मोठ्या कागदावर) शिक्षकाशी एकेकट्याने बोलण्याचे. राज्य शासनाच्या कार्यालयांना फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने शनिवार मोकळा मिळतो. गडचिरोली-चंद्रपूरच्या विद्यार्थ्यांसाठी शनिवारच्या रात्रीपुरती वसतिगृहात सोय लागेल. ती अभ्यासक्रमाच्या मंजुरीतच लिहून घ्या, नंतर ती कोणीच करत नाही.

या मांडणीत घोळ होतो तो वेळापत्रकाचा. स्वयमची सत्रे जानेवारी आणि जुलैला सुरू होतात. विद्यापीठाचे प्रवेश रेंगाळत सप्टेंबरपर्यंत गेले की जुलैची नोंदणी हुकते, आणि विद्यार्थ्याचे सहा श्रेयांक पहिल्याच सत्रात मागे पडतात. म्हणून प्रवेश जूनअखेर संपवा आणि स्वयमवरचे कोणते विषय चालतील याची यादी विद्या परिषदेकडून सत्र उघडण्याआधी मंजूर करून घ्या. मागाहून मान्यता देऊ, हे आश्वासन विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत उतरत नाही.

पडद्यावर काय चांगले शिकवता येते? नियोजनाचा इतिहास, लोकसंख्याशास्त्र, गृहनिर्माणाचे अर्थकारण, पालिकेचे अंदाजपत्रक, एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीचे वाचन. आमच्या मते जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याच्या प्रणालीची, प्राथमिक ओळख तर वर्गापेक्षा घरीच बरी होते, कारण ध्वनिचित्रफीत थांबवून तीच पायरी पुन्हा करता येते. कायदासुद्धा ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांतून छान शिकवता येतो, मात्र तो कलमांच्या अनुक्रमाने शिकवावा. कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर करणे, २५ खालचा विद्यमान भूवापर नकाशा, २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध करणे, २८ खालच्या हरकती आणि नियोजन समितीची सुनावणी, ३० खाली शासनाला सादर करणे, ३१ ची मंजुरी. या साखळीतली एक पायरी चुकली की सगळा आराखडा न्यायालयात अडकतो. विद्यार्थ्याने प्रारूप आराखड्यातल्या एका आरक्षणावर (सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेवर) मराठीत हरकत लिहावी, दुसऱ्याने त्यावर नियोजन प्राधिकरणाच्या बाजूने अभिप्राय द्यावा, तिसऱ्याने समितीची शिफारस लिहावी. हे ऑनलाइन उत्तम होते. मराठीतच व्हावे, कारण सूचना, हरकती, सातबारा आणि सुनावणीचे इतिवृत्त हे सगळे मराठीतच असते, आणि इंग्रजीत शिकलेला नियोजनकार पहिल्या सुनावणीला गप्प बसतो.

आता स्टुडिओ. ऑनलाइन शिक्षणाचे पितळ उघडे पडते ते इथे.

पहिली गोष्ट नकाशाच्या निर्देशांक पद्धतीची, म्हणजे जमिनीवरची जागा आकड्यांत सांगण्याच्या पद्धतीची. भारतातले बरेच ऑनलाइन धडे पुणे किंवा मुंबईच्या नकाशावर तयार झालेले असतात. यूटीएम ही पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडणारी निर्देशांक पद्धत, आणि ती शहरे तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतात, म्हणजे ७२ ते ७८ पूर्व रेखांश. नागपूर ७९ अंशांच्या थोडे पुढे आहे, म्हणून ४४ उत्तर पट्ट्यात. अमरावती आणि अकोला मात्र पुन्हा ४३ मध्ये. धड्यात दाखवले तसेच विद्यार्थी नागपूरच्या ४४ मधल्या थराला (संगणकी नकाशाच्या एका पदराला) ४३ चे लेबल लावतो, आणि सगळे शहर बरोबर सहा अंश पश्चिमेला सरकते. सीताबर्डी जाऊन बसते गुजरातेत, बारडोलीच्या आसपास. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. थर जागेवर असतो, पण मोजमाप ४३ च्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या रीतीत) चालू राहते. मग एका किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन मीटर जास्त भरतात आणि क्षेत्रफळ सुमारे एक-तृतीयांश टक्क्याने फुगते. शहराच्या आकड्यात हे खपून जाते. टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा आरक्षणाच्या क्षेत्राचा हिशेब अशा नकाशावरून केला तर कागदोपत्री तंटा उभा राहतो. थराला पद्धत नेमून देणे आणि थर दुसऱ्या पद्धतीत रूपांतरित करणे, ही क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक-प्रणालीतली दोन वेगळी कामे आहेत. शिक्षक शेजारी बसून दोन्ही करून घेतो तेव्हा हा फरक डोक्यात बसतो, आणि पश्चिम विदर्भाचा विद्यार्थी आपल्या गावी जाऊन तीच चूक उलट बाजूने करत नाही.

त्यानंतर मौजा नकाशा, म्हणजे महसुली गावाचा शेतांच्या हद्दी दाखवणारा नकाशा, जमिनीवर बसवणे. विदर्भातले जुने मौजा नकाशे साधारण १:४००० प्रमाणाचे आहेत. कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दोन मीटर. गणिताला तीन नियंत्रण बिंदू (नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा) पुरतात, कामाला मात्र आठ ते बारा लागतात, आणि तेही नकाशाभर पसरलेले. जुना कागद सगळीकडे सारखा आकसत नाही, त्यामुळे एकाच कोपऱ्यातले बिंदू घेतले तर तिथली चूक शून्य दिसते आणि समोरच्या कोपऱ्यातला खसरा (क्रमांक दिलेला जमिनीचा तुकडा) शेजारच्याच्या शेतात शिरतो. सगळ्यात भरवशाचे बिंदू म्हणजे तीन मौजांच्या हद्दी मिळतात ती ठिकाणे, जुन्या विहिरी, नाल्यावरचे दगडी पूल. रस्त्याचे वळण घेऊ नये, रस्ते रुंद होतात आणि सरकतात. हे बिंदू उपग्रह प्रतिमेवर हुडकताना विद्यार्थी हमखास चुकतो, म्हणून त्याला निदान दोन बिंदूंवर प्रत्यक्ष उभे केले पाहिजे. हुडकेश्वर-नरसाळ्याकडे किंवा बेसा-पिपळ्याकडे हे एका शनिवारात होते.

भूवापर सर्वेक्षण तर घरी बसून होतच नाही. इतवारी-महालात तळमजल्यावर दुकान, वर गोदाम, त्यावर कुटुंब, आणि मागच्या खोलीत सोन्याचांदीची किंवा शिवणाची कारागिरी चालते. उपग्रहाला वरून फक्त छप्पर दिसते. विद्यार्थी त्या चौकोनाला पिवळा रंग देऊन 'निवासी' म्हणून मोकळा होतो. नमुना-फॉर्मात मजलानिहाय रकाने हवेत, वापर सुरू किंवा बंद असा वेगळा रकाना हवा, आणि मालवाहू गाडी कुठे उभी राहते हे टिपायला जागा हवी. दोघांची जोडी, एक लिहिणारा, एक विचारणारा. एकट्याने केलेल्या सर्वेक्षणात वरचे मजले अंदाजाने भरलेले असतात, आणि ते अंदाज पुढे लोकसंख्येच्या घनतेत, पाण्याच्या मागणीत, वाहनतळाच्या गरजेत झिरपत जातात.

शनिवार-रविवारच्या अभ्यासक्रमाचा सगळ्यात मोठा घात वाहतूक मोजणीत होतो. विद्यार्थी मोकळे असतात शनिवारी आणि रविवारी, म्हणून मोजणीही त्याच दिवशी होते. इतवारीचा घाऊक बाजार रविवारी बंद, शाळा बंद, कार्यालये बंद. अशा दिवशीच्या आकड्यांवर चौकाची रचना केली तर सोमवारी सकाळी ती कोलमडणार. त्यामुळे क्षेत्र-आठवड्यातली मोजणी मंगळवार ते गुरुवारच व्हायला हवी आणि त्यासाठी मालक कार्यालयाने कर्तव्य रजा दिली पाहिजे. किरकोळ रजा काढून हे करा, असे सांगू नका. नागपुरात तारीखही जपून निवडावी लागते. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरले की सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी, विधानभवनाच्या परिसरात बंदोबस्त आणि मोर्च्यांमुळे सगळी वाहतूक दुसरीकडे वळते. मेमध्ये दुपारी बारा ते चार रस्त्यावर पायी माणूसच नसतो, त्या वेळची पादचारी मोजणी म्हणजे उन्हाची मोजणी होते. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरातली गर्दी स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, रोजच्या सरासरीत ती मिसळू नये. आमचा सल्ला : जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीची अखेर. प्रजासत्ताक दिनाचा आठवडा तेवढा टाळा.

मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात, वाहनप्रकारानुसार. पुढे ती प्रवासी मोटार एककात (प्रत्येक वाहन किती मोटारींएवढे धरायचे त्या मापात) बदलताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ : १९९० मधले तक्ते वापरतात. तिथे दुचाकीला दोन आकडे आहेत : वाहतुकीत तिचा वाटा ५ टक्के असेल तर ०.५, १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ०.७५. ऑटोरिक्षाचे तसेच १.२ आणि २.०. एकट्याने शिकणारा विद्यार्थी डोळे मिटून पहिला रकाना उचलतो. नागपूरच्या रस्त्यावर दुचाकीचा वाटा १० टक्क्यांच्या कितीतरी पुढे आहे. तासाला १,००० दुचाकी जात असतील तर ५०० एकके धरली जातात, प्रत्यक्षात ती ७५० धरायला हवीत. रस्ता पुरेसा आहे असा निष्कर्ष निघतो आणि चौक तुंबलेलाच राहतो.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, हा तर आपल्या शहराने शिकवलेला धडा. स्टुडिओत पूरक्षेत्राचा अभ्यास फुकट मिळणाऱ्या ३० मीटरच्या उंची-नकाशावर होतो. ३० मीटरच्या एका चौकोनात सहा मीटरचा नाला, त्याची भिंत आणि शेजारचे घर सगळे एकाच उंचीचे होऊन जाते. संगणक पाणी घराच्या छतावरून वाहवतो. असा नकाशा रंगीत आणि पटण्याजोगा दिसतो, हीच त्यातली भीती. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि दोन्हींच्या आत काय बांधता येते याचे नियम एकात्मिक नियमावलीत आहेत. त्या रेषा जमिनीवर कुठून जातात हे पाहायला विद्यार्थ्याला काठाकाठाने चालवा. पुलाखालची मोरी मोजू द्या, भिंतीवरची पुराची खूण टेपने मोजू द्या आणि जमिनीच्या उंचीची पातळी (लेव्हल) घेऊ द्या.

आता नकाशे देणाऱ्या कार्यालयांशी थोडे बोलायचे आहे. विकास आराखड्याच्या शीट पीडीएफमध्ये मिळतात. त्यावरून रेषा गिरवून विद्यार्थी थर तयार करतात. १:१०,००० च्या शीटवर ९ मीटर आणि १२ मीटरच्या रस्त्यातला फरक ०.३ मिलिमीटर आहे, म्हणजे शाईच्या रेघेएवढा. गिरवून तो कळणे शक्य नाही. केंद्राच्या अमृत या शहर-विकास योजनेखालचे पायाभूत नकाशे १:४००० चे असतात, तिथेही हा फरक पाऊण मिलिमीटरच. आम्हाला हवे आहेत ते मूळ थर, निर्देशांक पद्धत नोंदवलेले : मंजूर आराखड्याचे रस्ते आणि आरक्षणे, कलम ३७ खालचे फेरबदल तारखेसह, पाणीपुरवठ्याचे झोन, मलवाहिन्यांच्या तळाच्या पातळ्या, नाल्यांचे छेद. सुधार प्रन्यासाकडच्या '५७२' आणि '१,९००' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत ले-आउटची सूची हद्दीसह मिळाली तर गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेले छोटे भूखंड) आणि नियमितीकरण हा विषय पुस्तकातून शिकवायची गरजच उरणार नाही. आरएल (भूखंड नियमित केल्याचे पत्र) मिळालेले भूखंड, न मिळालेले, सार्वजनिक वापरासाठी सोडलेल्या जागेवर आज काय उभे आहे, हे एका ले-आउटमध्ये फिरले की कळते. मालकांची नावे, आखीव पत्रिकेवरचे (शहरी जमिनीच्या मालकीपत्रावरचे) खासगी तपशील आम्हाला नकोत, ते वगळूनच द्या. दरवेळी नवा अर्ज करावा लागू नये म्हणून संस्था आणि कार्यालय यांच्यात पाच वर्षांचा करार असावा आणि दोन्हीकडे एक-एक जबाबदार अधिकारी नेमलेला असावा. अधिकारी बदलला की फाईल थांबते, म्हणून करारात पदनाम लिहा.

लोकसंख्येबद्दल एक ताकीद. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत २४,०५,६६५ लोक होते. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ ची आहे. दरम्यान प्रभागांच्या हद्दी बदलल्या, त्यामुळे २०११ चे वॉर्ड आणि आजचे प्रभाग सरळ ताडून पाहता येत नाहीत. विद्यार्थ्यांना प्रगणन गटाच्या (जनगणनेच्या सर्वांत लहान विभागाच्या) पातळीवरून आकडे पुन्हा जोडायला शिकवा आणि पुढच्या लोकसंख्येचा अंदाज एका आकड्यात मागू नका, किमान दोन पद्धतींनी मागा.

प्रादेशिक नियोजनासाठी तर नागपूरएवढे सोयीचे शहर शोधून सापडणार नाही. महानगर प्रदेशात ७१९ गावे आहेत. उमरेड-कामठीच्या कोळसा खाणी, कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रे, पेंचचे पाणी आणि पेंचचेच जंगल, काटोल-नरखेडची संत्री, मिहानचा विमानतळ-उद्योग प्रकल्प, सगळे दिवसभरात जाऊन येण्याच्या अंतरावर. शिवाय नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, भारतीय खाण ब्यूरो या संस्था शहरातच आहेत. त्यांच्याकडून सत्राला दोन-दोन शनिवार मागितले तरी दुसऱ्या सत्राचा स्टुडिओ देशात कुठेही मिळणार नाही असा होईल.

तुकडी २० जणांची ठेवा आणि स्टुडिओला दोन शिक्षक द्या. एका शीटवर नीट बोलायला १५ मिनिटे लागतात. २० जणांना एकच शिक्षक असेल तर पाच तास त्यातच जातात आणि शेवटच्या सहा जणांना 'पुढे करा' एवढेच ऐकायला मिळते. ज्यूरी, म्हणजे परीक्षकांपुढे शीट मांडण्याची परीक्षा, पडद्यावर घेऊ नका. ए-१ शीट ८४१ मिलिमीटर रुंद असते, लॅपटॉपचा पडदा साधारण ३१० मिलिमीटरचा. शीटवरचे अडीच मिलिमीटरचे अक्षर तिथे एक मिलिमीटरपेक्षाही लहान होते, मग परीक्षक रंगसंगतीवर गुण देतात. शीट छापून भिंतीवर लावा. प्रबंध विकत लिहून घेण्याचा धंदा ऑनलाइन अभ्यासक्रमांत लवकर शिरतो. त्यावर उपाय एकच, मूळ क्षेत्र-फॉर्म, स्थळ-वेळेची नोंद असलेली छायाचित्रे आणि कच्चे थर परीक्षकासमोर उघडायला लावणे आणि त्यावर तोंडी विचारणे. संगणक महागडा लागत नाही. क्यूजीआयएस मोफत आहे, रेषांच्या थरांना ८ जीबी रॅम पुरते. ड्रोनच्या प्रतिमांना १६ लागते, ते काम संस्थेच्या संगणकावर करावे आणि विद्यार्थ्याला त्याच्या प्रभागापुरता तुकडा कापून द्यावा.

प्रवेशाची जाहिरात काढताना तीन गोष्टी स्पष्ट छापा : एआयसीटीईची मान्यता आहे का, इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडियाची मान्यता आहे की प्रस्तावित आहे, आणि पदवीवर शिक्षणाची पद्धत (नियमित, ऑनलाइन वगैरे) कोणती लिहिली जाईल. शासकीय पदाच्या जाहिरातीत अर्हता तपासताना नेमके हेच विचारले जाते. मान्यता 'मिळेल' या भरवशावर पहिली तुकडी भरू नका.

अभ्यासक्रमाचा मसुदा, मजलानिहाय सर्वेक्षणाचा नमुना-फॉर्म आणि नकाशा-कराराचा कच्चा आराखडा आमच्याकडे तयार आहे. पहिल्या स्टुडिओसाठी अंबाझरीच्या सांडव्यापासून खाली नाग नदीचा काठ घ्यावा, असे आम्ही सुचवतो. विद्या परिषदेच्या येत्या बैठकीत स्वयमच्या विषयांची यादी आणि महापालिकेच्या नगररचना विभागाकडून थरांची पहिली खेप, एवढ्या दोन गोष्टी झाल्या तर येत्या जुलैच्या सत्राला नोंदणी करता येईल.

आपले,
नागपुरातील नगर नियोजनाचे अध्यापक व व्यावसायिक